आधी कोणता पाय?

अस्थिरोग विभागातून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आपल्या हाडांविषयी परिपूर्ण ज्ञान असलंच पाहिजे, असा ठराव रुग्णशिक्षण समितीने एकमताने संमत केला होता. त्यामुळे गुडघा बदललेल्या टेलर मास्तरांना सहाव्या दिवशी औषधांच्या पिशवीसोबत एक पुस्तिकाही मिळाली.

मास्तरांना एकच गोष्ट हवी होती. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मग पायरी चढताना आधी कोणता पाय टाकायचा? शेजारच्याने मागच्या वर्षी चुकीचा टाकला आणि आठवड्याभरात तो पुन्हा याच वॉर्डात दाखल झाला. मास्तरांची पाचावर धारण बसली होती.

पुस्तिका देखणी होती. पांढऱ्याशुभ्र पानावर मधोमध एक निळी रेघ. मास्तरांनी ती आडवी धरली, उभी धरली. चाळीस वर्षं लोकांच्या पायांची मापं घेतलेली, पण या पायात गुडघा काही सापडेना.

"गुडघा काढलाय," वॉर्डात पुस्तिका वाटत फिरणाऱ्या तिच्या डिझायनरबाईंनी समजावलं. "त्याने रेघ तुटत होती."

"आणि जिना?"

"जिना बघून पेशंट घाबरतात, असं पाहणीत आढळलं. म्हणून तिथे क्षितिज घेतलंय."

पूर्वी हे सगळं फिजिओथेरपिस्ट तोंडी सांगत. पण तोंडी सांगण्यात एकसूत्रीपणा राहत नाही म्हणून त्यांना समितीवर घेण्यात आलं, आणि आता ते दोन अक्षरांमधलं अंतर तपासत बसत. मास्तरांनी डॉक्टरांना गाठलं. "सगळं यात आहे," असं म्हणून डॉक्टरांनी पुस्तिकेवर प्रेमाने थाप मारली.

शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशींनाच त्यांची दया आली.

"अहो, त्यात काय एवढं! चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा. वीस वर्षं बघतेय मी. चला, दाखवते."

फडकं बादलीत टाकून त्यांनी मास्तरांना हाताला धरलं आणि चार पायऱ्या चढवून-उतरवून घेतल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

हे कॅमेऱ्यात दिसलं. अनधिकृत आणि अचित्रित शिक्षण दिल्याबद्दल मावशींना नोटीस निघाली. चौकशी त्याच दुपारी मास्तरांच्या खाटेपाशी बसली.

"जिना तुम्हाला कशामुळे समजला?" समितीच्या अध्यक्षांनी फॉर्म पुढे केला. "पुस्तिकेमुळे असेल तर लगेच घरी सोडतो. दुसऱ्या कशामुळे असेल, तर शिक्षण पहिल्यापासून. आठ दिवस लागतील."

मावशी दाराशी उभ्या होत्या. मास्तरांच्या बायकोने पिशव्या भरल्या होत्या, खाली गाडी येऊन थांबली होती.

"पुस्तिका फारच छान आहे हो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी 'उत्कृष्ट'च्या चौकटीत खूण केली.

पुस्तिका पुरेशी असल्याचं अशा रीतीने सिद्ध झाल्यामुळे मावशींची कृती निष्कारण ठरली, आणि त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मास्तर धड पाय आधी टाकत, कुठेही न अडखळता घरी पोहोचले. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती टिकली.

वाचकाला मास्तरांचा राग आला असेल, तर उत्तमच. फक्त अशाच एखाद्या फॉर्मवर 'उत्कृष्ट' म्हणून खूण करताना आपल्याला कुठे जायची घाई होती, आणि दाराशी कोण उभं होतं, तेवढं जरा आठवून पाहावं.