दहाचा पाचवा घात

आमच्या शेजारच्या खैरनार सरांना साधा आकडा बोलताच येत नाही. त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाला पानं किती, असं विचारा. "तीन गुणिले दहाचा पाचवा घात." म्हणजे तीन लाख. एका डहाळीची पानं मोजायची, मग डहाळ्या, मग फांद्या आणि गुणाकार. निवृत्तीनंतर त्यांनी गंगापूर रोडवरची आमची अख्खी गल्ली अशीच मोजून काढली आहे.

मी हातगाडीवर मेथी विकत वर आलो. आता कळवणहून भाजीचा टेम्पो येतो, तो माझा. भरल्या गोणीचं वजन मी नजरेनं सांगतो. पण सर झाडांची बेरीज करू लागले, की हातातलं काम टाकून ऐकत राहतो.

"बदामाची पानं सहा गुणिले तिसरा घात. थेट मिळवायची नाहीत, बाळासाहेब. आधी घात सारखे करा. शून्य पूर्णांक शून्य सहा गुणिले पाचवा घात. आता मिळवा. तीन पूर्णांक शून्य सहा." कागद नाही, बोटं नाहीत. नुसतं आभाळाकडे बघून.

पण कडुनिंबाच्या एका फांदीवरून आमचं बिनसलं होतं. ती टेम्पोच्या ताडपत्रीच्या हूडला अडकते आणि सर तोडू देत नाहीत. परवा डोकंच फिरलं. करवतवाल्याला घेऊन त्यांच्या दारात गेलो.

"त्या फांदीला पानं किती, सर?"

"चार गुणिले दहाचा तिसरा घात."

"घात सारखे करा."

सर हसले. "शून्य पूर्णांक शून्य चार."

"मग तीनातून तेवढी गेली तर काय बिघडलं?"

"गणित बरोबर आहे तुमचं. आत या."

आत खिडकीशी कॉटवर काकू होत्या. लकव्यानंतर त्यांची मान एकाच बाजूला वळते, हे ठाऊक होतं. त्या बाजूला काय आहे, ते कधी पाहिलं नव्हतं. खिडकीत ती फांदी होती. तिच्यामागे समोरच्या बिल्डिंगची भिंत.

"हिच्या बेरजेत एवढीच एक संख्या आहे," सर म्हणाले. "नवी पानं ही मोजते, मी मिळवतो."

"आधी सांगायचं की हो."

"तुम्ही भांडायला येत होतात. विचारलंत आज."

काकूंचे ओठ हलत होते. मोजणं चालू होतं. मी आवाज न करता बाहेर आलो, करवतवाल्याला वाटेला लावलं आणि ड्रायव्हरला हूड काढायला सांगितलं.

"उन्हानं भाजी सुकंल ना, शेठ."

"गोणपाट ओलं करून टाक वर. आणि गेटाजवळ हॉर्न वाजवायचा नाही."