नऊ हजार शंभर नंबरचं दार

नाशिकबाहेरच्या एका खासगी कांदा मार्केटात भावाचा नवा बोर्ड आला आणि पहिल्या दिवसापासून काळाठिक्कर पडून राहिला. बोर्डाचा नेटवर्कवरचा पत्ता नवा होता, तर लिलावाचा प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर भाव पाठवत होता. तो पत्ता प्रोग्रामच्या पोटात कायमचा कोरलेला, आणि प्रोग्राम लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली.

"नवा प्रोग्राम येईपर्यंत भाव ओरडून सांगा," व्यवस्थापक शेखर सरांनी फर्मान काढलं.

शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचेस्तोवर भाव भलताच होऊन जाई. कांदा विकायला आलेल्या मालनबाईंनी तर एकदा शेजारच्या ढिगाचा भाव आपलाच समजून चार जणांना चहा पाजला.

कॉम्प्युटर सांभाळणारी योगिनी सरांकडे गेली. "प्रोग्रामला हात न लावता जमेल, सर. प्रोग्रामला बाहेर बोलायचं तर सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, उघडावं लागतं, आणि ते कर्नेलच्या हातात असतं. मी तिथे एक हूक, म्हणजे वाटेत अडवणारा छोटा कोड, लावते. जुना पत्ता मागितला की कर्नेल गुपचूप नव्या बोर्डाला जोडून देईल."

"कर्नेलला हात लावायचा नाही!" सर कडाडले. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या सिस्टीमचा गाभा, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण 'कर्नल'सारख्या नावावरून हुद्दा मोठा वाटत होता.

"मग शेवटच्या ट्रॅक्टरपाशी तुम्ही जाऊन ओरडा," असं म्हणून योगिनी बाहेर पडली, आणि दुसऱ्या दिवशी लिलावाआधी तिने हूक लावून टाकला.

दहाच्या ठोक्याला बोर्ड लालभडक पेटला. शेतकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. त्या ऐकून सर केबिनबाहेर आले, बोर्ड पाहिला आणि तरातरा ऑफिसातल्या, लिलावाचा प्रोग्राम चालणाऱ्याच कॉम्प्युटरवर जाऊन बसले. योगिनीला नोटीस टाईप केली, प्रिंट दाबलं. कागद येईना. पुन्हा दाबलं. मग चिडून आणखी तीनदा.

तेवढ्यात दारात मालनबाई उभ्या राहिल्या. "सायेब, ती पोरगी 'उद्धट' हाय असं बोर्डावर कशापायी लावलं?"

सर खिडकीकडे धावले. बोर्डावर मोठ्या अक्षरांत नोटीस सरकत होती: 'उद्धट वर्तन व परवानगीशिवाय बोर्ड सुरू केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये?' एकदा संपली की पुन्हा सुरू. खाली लिलाव थांबला होता.

"बोर्ड चालू केला म्हून नोटीस?" मालनबाईंचा आवाज चढला. "आन् आठ दिस बंद ठेवला, त्याची नोटीस कोनाला?"

योगिनी धावत आली आणि त्याच कॉम्प्युटरवर तिने ट्रेस उघडला. कोणता प्रोग्राम कुठे जोडला जातोय, ते तिथे ओळीने दिसत होतं. तिने कपाळावर हात मारला. "चूक माझी आहे, सर. पोर्ट म्हणजे मशीनचं दार. बोर्डाचं दार नऊ हजार शंभर नंबरचं, आणि आपल्या प्रिंटरचंही तेच. मी फक्त दार तपासलं, पत्ता तपासायची ओळ राहिली. म्हणून छपाईही बोर्डाकडे वळली."

"आधी तो हूक काढ!"

"काढते. पण बोर्डावर पुढचा मजकूर आल्याशिवाय आधीचा जात नाही. हूक काढला तर तिकडे काहीच पोचणार नाही. तुमची नोटीस तशीच फिरत राहील."

बाहेर कुणीतरी नोटीस मोठ्याने वाचून दाखवत होतं. 'उद्धट'वर हशा पिकला.

"मग ती ओळ घाल! हूक राहू दे!" सर घाम पुसत म्हणाले.

योगिनीने कीबोर्डवरून हात उचलले. "तोंडी नको, सर. परवानगीशिवाय एकदा केलं, त्याचं काय झालं ते सगळं मार्केट वाचतंय. आता लेखी द्या."

"ब्लॅकमेल करतेस?"

"नोटिशीला उत्तर देतेय."

सरांनी दात ओठ खात टाईप केलं: 'योगिनी यांना हूक कायम ठेवण्याची परवानगी देण्यात येत आहे. नोटीस मागे घेतली आहे.' खाली आपलं नाव घातलं आणि सवयीने प्रिंट दाबलं.

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. मालनबाईंनी दारातूनच बोर्ड वाचला आणि सरांकडे वळून म्हणाल्या, "आता कसं बोललात!"