एक नम्र चेष्टा

सदूभियांना कुठलंही गाणं सरळ ऐकता येत नसे. रेडिओवरची बाई पहिलं कडवं संपवते न संपवते तोच हे दुसऱ्या कडव्यात पोहे, सेव आणि आमच्या कचेरीचे बडे बाबू कोंबून मोकळे. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं, "भिया, चाल त्यांची, हाल आपले!"

सदाशिवराव फडतरे हे त्यांचं कागदोपत्री नाव; भिया म्हणजे आमचा इंदुरी भैया. पणजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते, सदूभिया इंदूरच्या तुकोगंजातल्या आमच्या सरकारी कचेरीत जावक टपालावर. मध्य प्रदेश तेव्हा नवा होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूर अजून गाल फुगवून बसलं होतं, आणि आमचं निम्मं टपाल त्या भोपाळलाच जायचं. सदूभिया लिफाफ्यांवर शिक्के हाणत आणि त्या ठेक्यावर गात. शेजारच्या टेबलावर माझे मसुदे चुकत. पण त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही.

एकदा मात्र रागावलो.

त्यांची एकुलती एक मुलगी मंदा. लग्न होऊन पुण्याला गेली. जमलेल्या बायकांपुढे नवी सून कौतुकाने म्हणाली, "माझ्या बाबांनी मला चांगली शिक्षा दिली." तिला म्हणायचं होतं शिक्षण. आम्ही इंदूरकर हिंदी शब्द घरच्या भांड्यासारखा उचलतो, त्यावर नाव कुणाचं ते बघत नाही. पुण्याच्या बायकांनी मात्र विचारलं, "का गं, काय गुन्हा केलास?" आणि पोट धरून हसल्या. पुढे कित्येक दिवस पाहुण्यांपुढे तिची नक्कल चालली.

मंदाने बोलणंच सोडलं. लग्नाआधी ही पोरगी गल्लीच्या तोंडाशी बोलायला लागली की घरात ऐकू यायची. तिची पत्रं आता दोन ओळींची येत. "येथील सर्व कुशल. आपली प्रकृती जपावी." सदूभिया ते कार्ड उलटसुलट करत आणि म्हणत, "ही मंदी नाही भिया. हे कुणीतरी दुसरंच लिहून राहिलंय."

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की ते स्वतःची तबकडी काढणार. पदरचे पैसे, चार गाणी. दोन दुसऱ्यांच्या चालींवर, दोन अस्सल स्वतःची. शेवटच्या गाण्याचं नाव 'शिक्षा'.

"पोरीची फजिती तबकडीवर?" मी ओरडलो. "लाज वाटत नाही?"

सदूभियांचे कान लाल झाले. शिक्के तेवढे जोरात बसले.

रजा टाकून, बाजाची पेटी काखोटीला मारून ते मुंबईला गेले. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्या गृहस्थांनी पहिल्याच ओळीला हात वर केला. ओळ होती,

"तू येशील म्हणून भिया मी रस्ता पाहून राहिलो,
जिलेबी ठंडी झाली अन् पोहे खाऊन राहिलो!"

"अहो, रस्ता नाही, वाट! वाट पाहतोय!"

"वाट तुमच्याकडे," सदूभिया म्हणाले. "आमच्याकडे रस्ता. मशीन चालू करा."

महिन्याभराने खोकं आलं. प्लेअर माझ्याकडे होता, म्हणून पहिली तबकडी माझ्या घरी वाजली. वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'फडतरे यांची एक नम्र चेष्टा'.

"भिया, हे काय! मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा!"

"अरे यार! मी तर कोशिश म्हणून लिहिलं." ते क्षणभर हबकले, मग खो खो हसले. "राहू दे. दोन्ही खरंय."

शेवटचं गाणं लागलं.

"बाप गेला पुण्याला, तोऱ्यामध्ये बोलला,
'पोरीला मी शिक्षा दिली', व्याह्यांचा चहा सांडला!"

पुढची सगळी कडवी त्या बापाच्या फजितीची. मुलगी गाण्यात एकदाच येत होती, ती बापाला हाताला धरून घरी आणायला.

"हसायचंय ना त्यांना?" सदूभिया सुईकडे बघत म्हणाले. "माझ्यावर हसा. पोट भरून हसा. पण माझ्या मंदीला बोलू द्या."

मला माझीच लाज वाटली.

तबकडी पुण्याला गेली. आमच्या ऑफिसात ती पाठ झाली, जवळच्या बेटमा गावी एका लग्नात चक्क बँडने वाजवली. पुण्याहून मात्र ओळ नाही. सदूभिया रोज आवक टपालाशी जाऊन उभे राहत. शिक्के मुकाट बसू लागले.

पत्र आलं ते लिफाफ्यातून. चार कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. त्यांनी वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

"बाबा, तबकडी इथे रोज लागून राहिली आहे. सासरे तर गाऊनच राहिलेत. काल मी म्हटलं, ग्लास खाली आहे, तर सासूबाई टेबलाखाली वाकून शोधायला लागल्या! मग आम्ही दोघी इतक्या हसलो. त्या म्हणतात, तू बोल गं, आम्हाला शिकव. बाबा, तुम्ही जी शिक्षा दिली ना, ती चांगलीच दिली..."

टपरीवरच्या रेडिओवर एक बाई गात होती. मी सवयीने वाट पाहिली. दुसरं कडवं आलं, तिसरंही आलं. सदूभिया गार झालेला चहा हातात धरून ऐकत होते. गाणं संपलं. त्यांनी त्यातला एकही शब्द बदलला नव्हता.