वीतभर गांडूळ

मासा पकडून त्याची माफी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे बापटकाका. दोन हजार सहा सालची गोष्ट. आम्ही अमेरिकेच्या थंड उत्तरेत, श्रूजबरीत राहायचो आणि काका आमच्या भिंतीपलीकडे. बास नावाचा मासा लागला की काका हात ओला करून अलगद गळ सोडवायचे, "सॉरी हं, प्लॅस्टिकचं होतं," म्हणायचे आणि त्याला परत पाण्यात सोडायचे. काका पक्के शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा चालायचा नाही.

भांडण त्यांचं माशांशी नव्हतंच, तळ्यावरच्या माणसांशी होतं. आमच्याकडे पाणी गार, मासे सुस्त, म्हणून गळाला मऊ प्लॅस्टिकचं बोटभर गांडूळ लावायचं, असं तिथल्या सगळ्या मासेमारांचं मत. मोठं गांडूळ म्हणे तिकडे दक्षिणेत चालतं. गळ विकणाऱ्या दुकानदारानं "दॅट्स फॉर फ्लोरिडा, सर," एवढंच म्हटलं आणि काका असे भडकले!

"फ्लोरिडाच्या माशांना वीतभर आणि आमच्या माशांना बोटभर? हा कुठला न्याय?"

तेव्हापासून हट्टानं वीतभरच. तेही जांभळं. एप्रिलच्या गारठ्यात आजूबाजूचे लोक मासे काढायचे आणि काकांची दोरी ढिम्म. मला राहवेना. "काका, एकदा लहान लावून तर बघा."

"अगं, पाहुणा दारात आला तर त्याला चतकोर पोळी वाढतेस का? खाईल, न खाईल, त्याची मर्जी. आपलं पान भरलेलं पाहिजे!"



हे पान भरायचं वेड मूळचं काकूंचं. त्या होत्या तेव्हा दर शनिवारी युनिव्हर्सिटीतली मराठी पोरं, नवीन आलेली जोडपी, सगळी त्यांच्याकडे जेवायला. पुरणपोळी काय, अळूवड्या काय! मग काकू गेल्या. तेराव्यापर्यंत सगळ्यांचं "काका, काही लागलं तर सांगा हं," आणि त्यानंतर साधा फोन नाही! वर्षानुवर्षं ताव मारलात ना त्या घरी? शनिवारी तासभर जाऊन बसायला काय होत होतं? मला आजही संताप येतो.

मी आपली दर गुरुवारी डबा द्यायचे. भाजी, आमटी, पोळ्या. डबा धुऊन, पुसून, रिकामा परत यायचा.

एका गुरुवारी तो जड लागला. झाकण उघडलं आणि मी किंचाळलेच. आत गांडुळं! जांभळी, चकचकीत, वीतभर! मऊ प्लॅस्टिकची ही गांडुळं कडक प्लॅस्टिकमध्ये राहिली की डबाच विरघळायला लागतो, हे ज्ञानही मला तेव्हाच झालं. बुडाला सगळा चिकट लगदा. आईनं पुण्याहून माझ्या बॅगेत कोंबून दिलेला डबा होता तो!

मी तशीच चपला अडकवून त्यांच्या दारात. "काका, काय हे? जेवणाच्या डब्यात गांडुळं? काही ताळतंत्र आहे की नाही?"

मला वाटलं, आता जुंपणार. पण काका डब्याच्या बुडाकडे बघतच राहिले.

"अरे रे, वितळला की गं," ते हळूच म्हणाले. "हिनं उभ्या आयुष्यात कुणाचा डबा रिकामा परत दिला नाही. मी तुझे इतके रिकामे दिले. मला करता काहीच येत नाही. घरात देण्यासारखं चांगलं हेच होतं. नवीन पाकीट फोडलं गं."

त्यांच्यामागे काकूंचं मोठं जेवणाचं टेबल दिसत होतं. एक खुर्ची सोडून बाकी सगळ्यांवर गळ, दोऱ्या नि पाकिटं पडलेली.

"यापुढे तुम्हाला डबा मिळणार नाही," मी ओरडले. डोळे भरून आले होते, ते लपवायला आणखीनच मोठ्यानं.

काकांचा चेहरा उतरला. "बरोबर आहे तुझं."

"काय बरोबर आहे? आमच्याकडे यायचं जेवायला. समोर बसून, गरम गरम."

"आज?"

"हो, आजच."

काका शर्ट बदलायला आत वळले आणि दारातच थांबले.

"फक्त आज, की..."

एवढ्या मोठ्या माणसाला हे विचारावं लागतं? हा कुठला न्याय!