गोडलिंबाले खर्रा

झाडांच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये! प्रताप नगरात कोणाच्याही कुंडीत कीड पडली, की मी लांबूनच रोग सांगतो. लोक ऐकत नाहीत, ही त्यांची चूक.

माझी बायको माया भाचीच्या लग्नासाठी खाप्याला गेली, तेव्हा तिचा गोडलिंब, म्हणजे कढीपत्त्याचं झाड, माझ्या ताब्यात होता. बीपासून वाढवलेला, लेकरासारखा जपलेला. कॉलनीच्या कुंडी प्रदर्शनात तो उतरणार होता.

"अवो, याले काही झालं ना, तर मी माहेरीच राहीन!"

"बिनधास्त जा वं! मी आहो ना!"

दुसऱ्याच दिवशी पानांवर पाखरांची शीट दिसली. मी लगेच निदान केलं, कबुतरं! त्यांना पळवायला बाल्कनीत जुन्या चकचकीत सीड्या टांगल्या. काही दिवसांनी ती शीट चालायला लागली! बाप्पा! अळ्या होत्या त्या! त्यातली एक तर कात टाकून हिरवीगार झाली आणि पंगतीतल्या वऱ्हाड्यासारखी पानामागून पान साफ करत सुटली. खरं सांगतो, मला कौतुकच वाटलं. एवढी भूक आणि पोटाची जराही तक्रार नाही!

पण झाडाच्या काड्या उरल्या, तेव्हा माझे डोळे उघडले. तंबाखूच्या पाण्याने कीड मरते, एवढं मला ठाऊक होतं. आता नागपुरात नुसता तंबाखू कोण शोधत बसतो? कोपऱ्यावर खर्रा मिळतो! तंबाखू, चुना, सुपारी, म्हणजे झाडाला औषध अन् टॉनिक एकदमच! मायाच्या धाकाने मी खर्रा सोडलेला. पण हा काय माझ्यासाठी होता? पानठेल्यावर मस्त घोटून घेतला. समोरून शेजारच्या शोभाताई चालल्या होत्या. मी हसून नमस्कार केला. त्यांनी घरी जाऊन खाप्याला फोन केला.

इकडे मी खर्रा पाण्यात कालवला आणि इस्त्रीच्या फवाऱ्यात भरला. नळीत सुपारी अडकली. मी जोर लावला. तेवढ्यात अळीने डोक्यातून नारिंगी शिंगं काढली आणि असा भपकारा सोडला की मी दचकलो! झाकण उडालं अन् सगळं पाणी माझ्या तोंडावर, शर्टावर! झाडावर थेंब नाही!

आणि दारात बॅग घेऊन माया.

"काहून जी? मी तिकडं गेली अन् तुम्ही इकडं खर्रा खाऊन राहिले?"

"खाऊन नाही वं! झाडाले देऊन राहिलो!"

"झाडाले लत लावता?"

मग तिला त्या काड्या दिसल्या. आता ही बॅग घेऊन परत जाते! पण ती वाकली, अळीच्या पाठीवरून हळूच बोट फिरवलं आणि हसली. "अवो, हे फुलपाखराची अळी होय! केवढी गोड आहे! खाऊ द्या तिले. पानं काय, पुन्हा येतात."

अशी बायको मिळायला नशीब लागतं, राजेहो!

प्रदर्शनात लोकांचे गुलाब, जास्वंद, अन् मायाची ही काड्यांची कुंडी. लोक हसले. काडीला वाळक्या पानासारखा एक कोश लटकलेला. परीक्षक बाई समोर आल्या आणि नेमका तो उकलला! आतून काळं-पिवळं फुलपाखरू निघालं आणि पंख वाळवत बसलं. अख्खा मांडव बघत राहिला. पहिलं बक्षीस!

माझी छाती फुगली. फोटोसाठी मी कुंडीला हात लावून उभा राहिलो.

"ताई, कोणतं औषध मारता हो?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"औषध नाही जी," माया म्हणाली. "फक्त आमच्या ह्यायले कुंडीजवळ फिरकू देत नाही."

मी हात काढून घेतला आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.