रंगनाथची चंदेरी घडी

आमच्या शेजारचा रंगनाथ मंडपवाला ताटात पोळी आली की आधी उलगडून बघतो. पदर मोजतो आणि मान हलवून म्हणतो, “घडी चुकली.” त्याची बायको शेवंता गेली, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून तो आमच्याकडंच जेवतो. माझ्या बायकोनं, सुमननं, ते एकदाच ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला भाकरी वाढायला लागली. तेवढ्यानं माणूस सुधारला असता, तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

मी निवृत्त मास्तर. गुडघे कामातून गेलेले. सकाळी आमच्या दिंद्रुड गावच्या कोवळ्या उन्हात चहा घेत बसावं, एवढीच अपेक्षा. पण रंगनाथच्या हातात मोबाइल आला आणि त्यात त्यानं अवकाशयानाचं शीड पाहिलं.

“गुरुजी, राकेटला लई तेल लागतंय. वर गेल्यावर पंप हाय का? आता तिकडं निसता चंदेरी मंडप लावायलेत. ऊनच यानाला ढकलतंय. ना तेल, ना धूर!”

त्याला शीड म्हणतात, हे मी सांगून पाहिलं. आमच्याकडं समुद्र कुठला? मंडप तो मंडपच राहिला.

“मग एवढ्या उन्हात मी जागचा हलत कावून न्हाई?” मी विचारलं.

“हितं हवा मधी येती, जमीन पाय धरती. वर आडवायला कोण हाय? धक्का मुंगीएवढा, पण सारखा लागतोय. वर्षभरानं बघा, गडी कुठल्या कुठं!”

इथवर ठीक होतं. पण हे शीड रॉकेटात बोचक्याएवढं बांधून न्यायचं आणि वर गेल्यावर अंगणाएवढं उलगडायचं, न फाटता, न गुंतता. एका व्हिडिओत ते अर्ध्यात अडकलेलं त्यानं पाहिलं आणि त्याची झोपच उडाली.

“बांबू बराबर, कापड बराबर, घडी चुकली! तिथं हात लावायला माणूस न्हाई, गुरुजी. आपली घडी त्यांना पाठवू. एक टोक वढलं की पुरा मंडप मोकळा!”

शास्त्रज्ञांना पत्र मी लिहून ठेवलं. घडीचं चित्र तेवढं बाकी. ते चार महिने झाले बाकीच आहे. घडी जमवायला आणलाय लग्नाच्या स्टेजमागं लावतात त्या चमकत्या कागदाचा वीस फुटी चौकोन. रोज सकाळी, वारं सुटायच्या आत, एक टोक मी धरायचं, एक सुमननं, एक त्यानं. चौथं जमिनीत ठोकलेल्या पहारीला बांधायचं. घडी घालायची, टोक ओढायचं. रोज मध्येच अडकणार आणि रोज तो म्हणणार, “घडी चुकली.” दमलो हो मी!

परवा कागद फाटला आणि माझं डोकं फिरलं.

“तीस वर्षं मंडप घातलेस ना रे? मग स्वतःचीच घडी कशी जमंना तुला?”

तो पहारीपाशी उकिडवा बसला. “माझी कुठं हाय, गुरुजी? शेवंता घालायची. मी निसता टोक धरून बिडी वढायचो. ती मधी काय करायची, कधी बघितलंच न्हाई.”

मला माझीच लाज वाटली. मी फाटलेला कागद गोळा करायला लागलो. तोच उठला आणि मला गोदामात घेऊन गेला. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक निळा मंडप बांधून ठेवलेला होता. लग्नाच्या शेवटच्या कामानंतर शेवंतानं घडी घालून ठेवलेला. तेव्हापासून तो त्यानं भाड्यानं दिलाच नव्हता.

“अरे वेड्या, मग इथंच तर आहे की!” मी म्हणालो. “हळूहळू उकल. एकेक पदर मी कागदावर काढतो. दुपारपर्यंत पत्र टपालात!”

त्यानं दोरीच्या गाठीवर हात ठेवला. मी वही आणायला वळलो.

“नगं, गुरुजी,” तो म्हणाला. “उकलल्यावर घडी कळंल हो. पण मंग तिच्या हातचं घरात काय ऱ्हाईल?”