भिकूकाका आणि आमच्या मागचा उतार

भिकूकाकांना कुठलीही दोरी ताणलेली दिसली की ते ती सैल करतात. विचारत नाहीत. आपल्याशी अंगणात उभं राहून पावसापाण्याचं बोलत असतात, एक हात पाठीमागे जातो, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी जमिनीला टेकलेली असते. धुतलेली चादर मातीत. वर आपल्यालाच सांगतात, "ढिला सोड गो शुभा. ताणलेला कायच बरा नाय."

गेल्या वर्षी देवळात सप्ताहाला मांडव घातला होता. काका दर्शनाला गेले, खांबाला प्रदक्षिणा घातल्यासारखे दोनदा फिरले आणि घरी आले. अर्ध्या तासात मांडवाचं कापड भजनी मंडळावर उतरलं. आत पेटी वाजतच होती, कारण पेटीवाल्याला वाटलं दिवे गेले. कोणी केलं हे विचारायची गरजच पडली नाही.

मी घरी शिवणकाम करते. माझ्या मशीनवर दोऱ्याचा ताण कमीजास्त करायची एक चकती असते. काका एकदा चहाला आले आणि मी आत साखर घ्यायला गेले तेवढ्यात त्यांनी ती चकती फिरवली. शाळेच्या तीन गणवेशांची शिवण मुलांच्या अंगावरच उसवली. एकाची तर प्रार्थनेच्या रांगेत. आया माझ्या दारात येऊन बोलून गेल्या आणि मी काकांना बोलले. ते मान खाली घालून म्हणाले, "दोरो श्वास घेयनासो झाल्लो."

यावरून माणूस खुळा आहे असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. पण भिकूकाका मुळात खुळे नाहीत, ते घाबरलेले आहेत. आणि त्यांची भीती मला लागली, म्हणून हे सगळं सांगायचं.

आमची लाटंबार्शे गावाच्या एका टोकाला पाच घरं. चार घरांच्या मागे थोडी जागा आहे. आमच्या मागे जागा नाही, उतार आहे. खाण चालू होती तेव्हाची टाकाऊ माती, माडाच्या उंचीची, तांबडी, भुसभुशीत. आमच्या मागच्या खोलीच्या जनेलातून आभाळ दिसत नाही, नुसती माती दिसते. त्या खोलीत माझ्या सासूबाई झोपून असतात. कमरेचं हाड मोडल्यापासून त्या उठत नाहीत, आणि पुढच्या खोलीत यायला तयार नाहीत, कारण त्यांचं लग्न होऊन त्या आल्या ते त्याच खोलीत. नवरा तुयेच्या कारखान्यात. सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. म्हणजे पावसाळ्यात दिवसभर त्या उताराच्या पायथ्याशी आम्ही दोघीच.

भिकूकाकांचं घर मात्र रस्त्याच्या पलीकडे, उंच कातळावर. तिथे दरड काय, गढूळ पाणीसुद्धा पोचत नाही. मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी खाणीवर आले आणि मातीच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायच्या कामाला लागले. तेच काम त्यांनी खाण बंद होईपर्यंत केलं. "माझ्या ताडपत्रीखालसून चिमटीभर माती रस्त्यार पडूक नाय," असं ते अजून सांगतात, आणि ते खरं असावं. ताडपत्री बांधायची तर दोरी टणक ताणावी लागते, पाय ट्रकला लावून, दात खाऊन. काकांना तेवढंच येत होतं आणि ते फार चांगलं येत होतं. त्यांची बायको गेली, मुलगी बेळगावला दिली, खाण थांबली, पण काका राहिले.

तीन वर्षांपूर्वी पंचायतीत काथ्याच्या जाळीच्या गुंडाळ्या आल्या. नारळाच्या सोडणांच्या सुंभाची विणलेली जाड जाळी. एक साहेब आले, त्यांनी आम्हाला अंगणात बसवून समजावलं. उतार साफ करायचा, बी पेरायचं, माथ्यावर चर खणून जाळीचं टोक त्यात पुरायचं, मग ती खाली सोडत आणायची आणि लाकडाच्या खुंट्या मारायच्या. जाळी पावसाचा मार झेलते, माती धरून ठेवते. तेवढ्यात गवत रुजतं. दोन-तीन पावसाळ्यांत जाळी कुजून जाते, पण तोवर मुळांनी माती धरलेली असते.

"फक्त ताणू नका," साहेब म्हणाले. "सैल अंथरा. जाळी सगळीकडे मातीला चिकटून बसली पाहिजे."

साहेबांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तसे काका म्हणाले, "आता ह्यो माका बांधूक शिकयतलो."

आणि काकांनी जाळी बांधली. त्यांच्या पद्धतीनं. चार दिवस ते त्या उतारावर पाय रोवून ओढत होते. पुरी झाली तेव्हा तिच्यावर एक सुरकुती नव्हती. बोट मारलं तर मृदंगासारखी वाजायची. पाचही घरांनी कौतुक केलं, मी तर भजी तळून दिली.

ताणलेली जाळी खड्ड्यांवरून सरळ गेली होती. तिच्याखाली पोकळ्या राहिल्या होत्या, आणि हे आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही. श्रावणात एका दुपारी जोराची सर आली. जाळी जिथल्या तिथे होती, एक खुंटी हलली नाही. तिच्याखालून माती आली. पाणी पोकळ्यांत शिरलं आणि आतल्या आत धुवत निघालं. मी मशीनवर होते. आधी वास आला, ओल्या लोखंडासारखा. मग सासूबाईंची हाक. मागच्या खोलीत गेले तर जनेलाच्या गजांमधून तांबडा चिखल आत येत होता, सावकाश, आंबोळीचं पीठ ओतावं तसा. खाटेचे पाय बुडाले होते.

शेजाऱ्यांनी सासूबाईंना कदेलीत, म्हणजे खुर्चीत, बसवून बाहेर काढलं. मोडक्या कमरेनं. त्या ओरडल्या ते मला अजून ऐकू येतं. चिखल खाटेच्या पाट्यांपर्यंत येऊन थांबला, आणखी का आला नाही ते देवाला ठाऊक. आणि काका अंगणात भिजत उभे होते, वर त्या अजून तशाच ताणलेल्या जाळीकडे बघत. त्यांना कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर काका ताण बघू शकेनासे झाले.

पाऊस संपल्यावर त्यांनी जाळी सगळी सोडवली. पोकळ्या भरल्या, पुन्हा अंथरली, या वेळी सैल, मातीच्या प्रत्येक खळग्यात हातानं दाबत. जाळीच्या चौकटींतून वाळ्याचे ठोंब लावले, कारण वाळ्याची मुळं खोल जातात असं साहेबांनीच सांगितलं होतं. मग सुरू झाली तपासणी. रोज सकाळी पोदेर पाव टाकून गेला की काका हजर. आधी जाळीखाली तळहात सरकवून बघायचे. हात आत गेला तर तिथे नवी खुंटी. ही सवय इतकी लागली की ते कशाखालीही हात सरकवू लागले. टेबलावरच्या कापडाखाली, सासूबाईंच्या चादरीखाली. एकदा एका नवऱ्या मुलीच्या ब्लाऊजाचं माप चाललं होतं, काका दारातून म्हणाले, "पाठीकडे हात जाता काय बघ. नाय तर फुगतला." तिच्या आईनं त्यांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

तपासणी झाली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन निकाल सांगायचे. निकाल वर्षभर एकच. "आजचा काय भय नाय. उद्याची गॅरंटी नाय."

मी भित्री बाई आहे. रोज सकाळी चहाबरोबर हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल बघा. भांडं पडलं तरी मी मागच्या खोलीत धावायची. मशीन चालवताना मध्येच पाय थांबवून कान द्यायची. माझा सगळा राग काकांवर. मी नवऱ्याला म्हटलं, हा माणूस आपल्याला सुखानं जगू देणार नाही, त्याचं काय जातंय, त्याचं घर कातळावर.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर जाळी कुजायला लागली. ती कुजणारच होती, पण काकांना ते बघवेना. रोज एक धागा चिमटीत धरून मोडायचे आणि तोंड पाडून बसायचे. गवतावर त्यांचा विश्वास नव्हता. धरलंय की नाही बघायला वाळ्याचे ठोंब ओढून बघायचे. आठ-दहा त्यांनीच उपटले. सासूबाई जनेलातून ओरडायच्या, "भिकू, पावसाक कित्याक नांव दिता? तूंच हाडटलो सगळें सकयल." म्हणजे पावसाला कशाला दोष, उतार खाली आणणार तूच. मग काका उपटलेला ठोंब परत लावून भोवतालची माती थोपटायचे.

यंदाच्या आषाढात जाळीचे फक्त धागे उरले होते. वाळा दाट झाला होता, पण त्याची परीक्षा झाली नव्हती. आणि तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी पंचायतीचा माणूस येऊन सांगून गेला, उताराखालच्या पाचही घरांनी शाळेत जावं. चार घरं गेली. नवरा तुयेला अडकला होता, रस्त्यावर पाणी होतं. शेजारी कदेल घेऊन आले, पण सासूबाईंनी खाटेची पाटी धरली. "म्हाका हालोवं नाका. म्हाका हांगाच मरूं दी." हात लावला की किंचाळायच्या. शेवटी मी शेजाऱ्यांना जायला सांगितलं. त्यांची लहान मुलं होती.

ते गेले आणि घर इतकं मोठं वाटायला लागलं. मी देवापुढे दिवा लावला, विझला, परत लावला. सासूबाईंच्या पायाशी बसले. जनेल बंद केलं तर काही दिसेना, उघडलं तर नुसती माती दिसायची. मला कळेना कशाची जास्त भीती वाटते.

साडेदहाला पुढच्या दारी भिकूकाका. छत्री उलटी झालेली, आपादमस्तक भिजलेले.

"घर गळता माझा," म्हणाले. "जरा बसतंय हंय."

त्यांचं घर गळत नव्हतं. मे महिन्यात कौलं त्यांनी स्वतः शाकारली होती, मी त्यांना वर चढलेलं बघितलं होतं. ते सरळ मागच्या खोलीत गेले, शेजारी ठेवून गेलेली कदेल उचलली आणि खाट नि मागची भिंत यांच्यामध्ये घुसवून बसले. भिंतीला पाठ लावून. जर माती आलीच असती तर पहिल्यांदा त्यांच्या पाठीवर.

काका इतके कापत होते की कदेलीचे पाय जमिनीवर वाजत होते. मी टॉवेल दिला, तो त्यांच्या हातात नुसता राहिला. बाराच्या सुमाराला वर काहीतरी सुटलं. धप्प असा आवाज, मग घसरत आल्यासारखा, मग भिंतीला काहीतरी आपटलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काका उभे होते, दोन्ही हात पसरून खाटेवर वाकलेले, डोळे घट्ट मिटलेले. एक धोंडा आला होता, नारळाएवढा. त्याच्या मागून माती आली नाही.

काका परत बसले. सासूबाईंनी त्यांच्याकडे मान वळवली.

"तुका भंय दिसता रे, भिकू?"

"व्हय गे काकी. खूप."

"मगे घरा वच. तुजें घर कातळार. थंय कसलें भंय?"

काकांनी तोंड पुसलं.

"थंय भय नाय गे काकी," ते म्हणाले. "थंय कोणच नाय."

पाऊस पडत होता. मला इतकी लाज वाटली की मी भिंतीकडे तोंड केलं. दोन वर्षं मी या माणसाला दारातून लवकर कसं घालवायचं ते बघत होते. रोज सकाळी तो येत होता, आणि मला वाटायचं तो भीती घेऊन येतो. सासूबाईंनी चादरीतून हात काढला आणि काकांच्या गुडघ्यावर ठेवला. कदेलीचा आवाज हळूहळू थांबला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. उतार अजून वर होता आणि पाऊस त्याच्यावर पडतच होता. तांदूळ मोजायला घेतले. तिघांचे घेतले, आणि आत हाक मारून विचारलं, "काका, तुम्हाला सोलकढी तिखट चालते की फिकी?" इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं.